प्रोब टेकवण्याआधी

दरवर्षी एखादी नवी डॉक्टर आमच्या सोनोग्राफी सेंटरवर रुजू होते. सदाशिव पेठेतलं जुनं सेंटर, दोन खोल्या, दोन मशीन, बाहेर बाकांवर सकाळी आठपासून बसलेली माणसं. रेडिओलॉजीतलं एमडी किंवा डीएनबी नुकतंच झालेलं असतं, त्यामुळे पुस्तक तिला माझ्यापेक्षा ताजं पाठ असतं. तरी पहिले दोन महिने मी तिच्या मागे उभी राहून बोलत असते. तेच बोलणं यंदा लिहून काढलंय. बावीस वर्षं या टेबलाशी बसून जे हाताला कळलं तेवढंच यात आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण बारावीच्या मुलांचे आईवडील ती मला फार विचारतात. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये 'सोनोग्राफर' हा स्वतंत्र पेशा आहे. तिथे डॉक्टर नसलेली, पण त्या विषयाचं रीतसर शिक्षण घेतलेली माणसं प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचं मशीनचं टोक, हातात घेतात. आपल्याकडे तसं नाही. गर्भलिंगनिदानाच्या कायद्यामुळे सोनोग्राफीचं मशीन कोणी चालवायचं हे ठरलेलं आहे: रेडिओलॉजिस्ट, स्त्रीरोगतज्ज्ञ, किंवा २०१४ च्या नियमांप्रमाणे सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस डॉक्टर. रेडिओलॉजीचा तंत्रज्ञ होणाऱ्या मुलांना एक्सरे, सीटी, एमआरआयमध्ये भरपूर काम आहे, चांगलं काम आहे. पण सोनोग्राफी स्वतंत्रपणे करण्याचं स्वप्न दाखवून कोणी फी मागत असेल तर आधी चौकशी करा.

उपाशीपोटी

दिवसाची निम्मी सोनोग्राफी फोनवर बिघडते किंवा सुधारते. म्हणून काउंटरवरच्या ताई पेशंटला काय सांगतात ते नव्या डॉक्टरने एक दिवस शेजारी बसून ऐकावं, असा माझा आग्रह असतो.

पोटाच्या तपासणीला सहा तास पोट रिकामं हवं, म्हणजे पित्ताशय फुगलेलं राहतं आणि आतले खडे, भिंतीची जाडी नीट दिसते. काही खाल्लं की ते आकसतं. आम्ही बरीच वर्षं फोनवर 'उपाशीपोटी या' एवढंच सांगायचो. एका एकादशीला भोरहून एक आजी पहाटेची एसटी धरून आल्या, स्वारगेटला उतरून चालत सेंटरवर पोचल्या. पित्ताशय पार आकसलेलं. काही खाल्लंत का विचारलं तर म्हणाल्या, "नाही गं बाई, आज उपासच आहे. पहाटे साबुदाण्याची खिचडी तेवढी खाल्ली." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. आमचा शब्द चुकला होता. तेव्हापासून ताई फोनवर म्हणतात, "रात्री दहानंतर पोटात काही नको. चहा नको, दूध नको, उपासाचंही नको. पाणी चालेल. बीपीची गोळी पाण्याबरोबर घ्या." मधुमेहाच्या माणसांना मात्र सकाळची पहिलीच वेळ द्या आणि उपाशी असताना साखरेची गोळी किंवा इन्सुलिन कसं घ्यायचं ते त्यांच्या डॉक्टरांना विचारायला सांगा. बाकावर घाम फुटून पडलेला माणूस उचलण्यापेक्षा हे बरं.

लघवी भरून ठेवण्याचंही तसंच. तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी, एवढं पुरतं. काहीजण भीतीपोटी दोन-दोन बाटल्या पितात. मूत्राशय इतकं तट्ट फुगलं की किडन्यांत थोडं पाणी साचल्यासारखं दिसतं आणि नव्या डॉक्टर 'हायड्रोनेफ्रोसिस' लिहून मोकळ्या होतात. लघवी करून आल्यावर पुन्हा बघा. सूज गेली तर ती त्या पाण्याची होती. गरोदर बाईचंही हेच. फुगलेल्या मूत्राशयाने गर्भाशयाचा खालचा भाग दाबला जातो आणि वार खाली आल्यासारखी वाटते. 'वार खाली आहे' हे वाक्य घरी गेल्यावर त्या बाईला महिनाभर अंथरुणावर झोपवतं, तेव्हा लिहिण्याआधी तिला एकदा बाथरूमला जाऊन येऊ द्या.

आणि लघवी धरून बसलेल्या माणसाला नंबरासाठी ताटकळत ठेवू नका. प्रोस्टेटचा त्रास असलेले काका बाकावर मांडी आवळून बसलेले दिसले की त्यांना आधी आत घ्या. बाकीच्यांना कारण सांगितलं की कोणी भांडत नाही.

आत आल्यावर

पुण्यात डिसेंबरच्या सकाळी जेलची बाटली बर्फासारखी असते. कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा. जेल कशाला, असं पेशंट विचारतात, तर सांगावं की प्रोब आणि कातडीच्या मध्ये हवा राहिली तर आवाजाच्या लहरी तिथूनच परततात, आत जातच नाहीत.

मग परकराची नाडी. हे कुठल्याही पुस्तकात नाही. वयस्क बायका नाडीला निरगाठ मारतात. मूत्राशय भरलेलं, हात थरथरताहेत, आणि गाठ सुटत नाही. बाहेर नंबर लागायच्या आधीच मावशींनी "नाडी सैल करून ठेवा" एवढं सांगितलं तरी दर बाईमागे दोन मिनिटं आणि बरीचशी लाज वाचते. कमरेशी नॅपकिन खोचा, साडीला जेल लागू देऊ नका. लागलंच तर पाण्याने निघतं हेही सांगा, कारण नवी साडी नेसून आलेली बाई सगळा वेळ त्याचीच काळजी करत असते. जेल पुसायला कागद तिच्या हातात द्या आणि तोंड फिरवून रिपोर्टकडे बघा.

आतून करायची तपासणी असेल तर आधी समजावून सांगा, 'हो' म्हणू द्या, खोलीत मावशी हव्यातच. प्रोबवर दरवेळी नवं आवरण चढवा, आणि ते तिच्या देखत चढवा.

विचारा, आणि बोटाने दाखवायला सांगा

आता मी जे सांगणार आहे त्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

साधारण पंधरा वर्षांपूर्वी एका हॉस्पिटलात मी संध्याकाळची ड्यूटी करायचे. तेरा वर्षांचा मुलगा आईबरोबर आला. उजवीकडे ओटीपोटात दुखतंय, दोन उलट्या झाल्यात. चिठ्ठीवर 'अपेंडिक्स?' असं लिहिलेलं. मी पंधरा मिनिटं अपेंडिक्स शोधलं. उजव्या बाजूला हळूहळू दाब देत गेले, आतडी बाजूला सारली. सूज नाही, पाणी नाही, काही नाही. 'विशेष दोष दिसत नाही' लिहून दिलं.

तो मुलगा गुडघे जवळ घेऊन, दोन्ही हात मांड्यांत घालून झोपला होता. मी ते पाहिलं होतं. थंडी वाजत असेल असं वाटलं. आई उशाशी उभी, समोर अनोळखी बाई डॉक्टर, तो कशाला काही बोलेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी सूज आली तेव्हा कळलं, वृषणाला पीळ पडला होता. डॉप्लरमध्ये रक्तपुरवठा शून्य. ते काढावं लागलं. पीळ पडल्यापासून सहा तासांच्या आत सोडवला तर बहुतेक वेळा वृषण वाचतं, पुढे दर तासाला ती आशा कमी होते. माझ्याकडे तो आला तेव्हा दुखायला लागून तीन तास झाले होते. आईने ते मला सांगितलं होतं. माझ्या हातात प्रोब होता, आणि तो चार इंच खाली न्यायचा होता.

म्हणून आता माझ्या टेबलावर दहा ते वीस वर्षांचा कोणताही मुलगा ओटीपोटाचं दुखणं घेऊन आला की मी आईला म्हणते, "ताई, काउंटरवर जरा सही करून या." आमचे वॉर्डबॉय मामा आत थांबतात. मग मुलाला सरळ विचारते, "खाली गोट्यांत दुखतंय का? लाजू नको, हे फार मुलांना होतं." नव्वद सेकंदांचं काम आहे. 'हो' म्हणाला किंवा नुसता गप्प राहिला तरी आईला सांगून तपासणी करते, दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवून, रक्तप्रवाह तोलून. शंका असेल तर रिपोर्ट टाईप करत बसत नाही, आधी सर्जनला फोन लावते.

चिठ्ठी ही पाठवणाऱ्या डॉक्टरची शंका असते. पेशंटची तक्रार वेगळी असू शकते, ती वेगळी विचारा. "कुठे दुखतं?" असं विचारलं की माणसं पोटावरून गोल हात फिरवतात. "एका बोटाने दाखवा" म्हणा. बोट जिथे थांबतं तिथे प्रोब आधी ठेवा, मग बाकीचं पोट. कधीपासून, ताप आहे का, लघवीत रक्त दिसलं का, बाईला पाळी कधी आली होती, पोटाचं काही ऑपरेशन झालंय का. शेवटचा प्रश्न विसरलात तर दुर्बिणीने काढलेल्या पित्ताशयाला 'नॉर्मल' म्हणाल. टेम्प्लेटवरून टाईप होणाऱ्या रिपोर्टांत ही चूक मी दरवर्षी बघते. बेंबीजवळचे अर्ध्या सेंटीमीटरचे व्रण मंद उजेडात दिसत नाहीत, म्हणून दिवा मालवायच्या आधी पोटाकडे बघा.

बटणं

नव्या हातांची सवय अशी की नीट दिसलं नाही की गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, वाढवायचा. त्याने चित्र उजळतं, पण धुकंही तेवढंच उजळतं आणि छोटी पाण्याची गाठ भरीव वाटायला लागते. आधी डेप्थ बघा. जो अवयव बघायचाय त्याने स्क्रीनचा बराचसा भाग व्यापला पाहिजे. मग फोकस त्या पातळीवर आणा. मग योग्य प्रोब आहे का ते बघा: खोल पोटाला दोन ते पाच मेगाहर्ट्‌झचा वक्र प्रोब, थायरॉइड किंवा सडपातळ माणसाच्या अपेंडिक्सला सात-बाराचा सरळ. जास्त फ्रिक्वेन्सी म्हणजे बारकावा जास्त, पण पोच कमी. गेनला हात सगळ्यात शेवटी.

खड्याची सावली दिसत नाही म्हणून 'खडा नाही' लिहू नका. कंपाउंड इमेजिंग चालू असेल तर मशीन वेगवेगळ्या कोनांतून बघून सावली पुसट करतं. ते बंद करा, फोकस खड्यावर आणा, सावली उमटते. मूत्रनलिकेच्या तोंडाशी अडकलेल्या छोट्या खड्यासाठी मूत्राशय भरलेलं हवं. कलर डॉप्लर लावला की खड्याच्या मागे रंगांची चमचम उठते, आणि दोन्ही बाजूंनी लघवीची पिचकारी येते का तेही दिसतं. एप्रिल-मेमध्ये, मार्केट यार्डात हमाली करणारी, दिवसभर उन्हात आणि पाणी कमी पिणारी माणसं आली की मी हे कधी सोडत नाही.

क्रम आणि श्वास

रोज एकाच क्रमाने बघा. मी यकृताच्या डाव्या भागापासून सुरू करते, मग स्वादुपिंड, महारोहिणी, यकृताचा उजवा भाग, पित्ताशय, पित्तनलिका, उजवी किडनी, मग पाणथरी, डावी किडनी, आणि खाली. तुमचा क्रम वेगळा असेल, चालेल. फक्त रोज तोच ठेवा. मधेच मोठा खडा सापडला की डोळे तिथेच अडकतात आणि पाणथरी बघायची राहते. क्रम पाठ असला की हात आपोआप पुढे जातो.

श्वासाची भाषा माणसागणिक बदलते. कोथरूडच्या काकांना "श्वास घ्या, रोखून धरा" कळतं. वेल्ह्याच्या आजींना "दम घ्या आन् धरा" म्हटलं तर कळतं. कोणालाच कळलं नाही तर "पोट फुगवा" म्हणा. आणि "सोडा" म्हणायला विसरू नका. भिडस्त माणसं तुम्ही सांगेपर्यंत सोडत नाहीत, चेहरा लाल होईपर्यंत धरून ठेवतात.

पित्ताशयात काही चमकलं तर पेशंटला डाव्या कुशीवर वळवा. खडा गडगडतो, पॉलिप, म्हणजे भिंतीला चिकटलेली छोटी गाठ, जागची हलत नाही. पोटात गॅस असेल तर कुशी बदला, हळू दाब धरून ठेवा, स्वादुपिंडासाठी ग्लासभर पाणी पाजून जठराच्या खिडकीतून बघा. हे सगळं करूनही दिसलं नाही तर रिपोर्टात तसं लिहा: गॅसमुळे स्वादुपिंडाची शेपटी दिसली नाही. न दिसलेल्या अवयवाला 'नॉर्मल' म्हणणं मला खोटं बोलण्याइतकंच वाईट वाटतं.

पावसाळा सरत आला की पुण्यात डेंग्यू वाढतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर आमच्याकडे रोज अशी माणसं येतात: ताप, उजवीकडे दुखतंय, आणि पित्ताशयाची भिंत सुजून जाड झालेली. एरवी तीन मिलिमीटरच्या आत असणारी भिंत तेव्हा थराथरांची दिसते. नव्या डॉक्टरला ते कोलेसिस्टायटिस, म्हणजे पित्ताशयाचा दाह, वाटतं. थांबा. रक्ताचा रिपोर्ट मागा, प्लेटलेट बघा. छातीच्या तळाशी आणि ओटीपोटात थोडं पाणी आहे का बघा. ते सापडलं तर ही डेंग्यूची सूज आहे, पित्ताशयाचा दोष नाही. तुम्ही काय शब्द लिहिता यावर त्या माणसाच्या पोटावर सुरी चालणार की सलाइन लागणार हे ठरू शकतं.

गरोदर बाई

हिच्यासाठी घाई करायची नसते, पण तारखा मात्र सांभाळाव्या लागतात. एनटी स्कॅन, म्हणजे बाळाच्या मानेमागच्या पाण्याच्या थराची जाडी मोजायची तपासणी, ११ आठवड्यांपासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतच होतो, बाळाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असताना. हा काळ गेला की गेला. काउंटरच्या कॅलेंडरवर आम्ही पालखीचे दिवस आणि अनंत चतुर्दशी लाल पेनाने खुणावून ठेवतो. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता, कुमठेकर रस्ता सगळे मिरवणुकीत असतात आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. १३ आठवडे ५ दिवसांची बाई त्या गर्दीतून पेठेत येणार कशी? तिला आधीच्या आठवड्यात बोलवा.

अवयवांची तपासणी १८ ते २० आठवड्यांत. मी अठरा-एकोणीसकडे झुकते. दोष सापडला तर पुढच्या चाचण्या, दुसरं मत, घरच्यांचं बोलणं यांना दिवस लागतात. २०२१ च्या सुधारित गर्भपात कायद्याने काही विशिष्ट परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत आणि गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने त्यापुढेही मार्ग आहे, तरी त्या बाईच्या हातात जितके दिवस जास्त तितकं बरं.

पहिल्या तिमाहीत ठोके मोजायला एम-मोड, म्हणजे हालचालीचा आलेख काढणारा मशीनचा पर्याय, वापरा, उगाच डॉप्लर लावू नका. डॉप्लरमध्ये ऊर्जा जास्त लागते.

आणि ठोके दिसले नाहीत तर. पोटावरून दिसले नाहीत म्हणून काहीच बोलू नका, आतून तपासा. बाळाची लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त आणि ठोके नाहीत, किंवा पिशवी २५ मिलिमीटरची आणि आत बाळ नाही, तेव्हाच निदान पक्कं. त्याखाली असेल तर सात ते चौदा दिवसांनी परत बोलवा. तारीख चुकलेली असू शकते. पक्कं असेल तेव्हाही मी शेजारच्या खोलीतून सहकाऱ्याला बोलावून दोघींनी बघते. मग प्रोब बाजूला ठेवते, जेल पुसते, तिला उठून बसू देते, साडी नीट करू देते. आडव्या पडलेल्या बाईला ही बातमी सांगायची नाही. "सोबत कोण आलंय, त्यांना आत बोलावू का?" विचारते. मग सरळ सांगते, "बाळाचे ठोके थांबले आहेत." 'जरा प्रॉब्लेम आहे, डॉक्टर सांगतील' म्हणून तिला रिक्षात बसवून पाठवलं तर तो सगळा रस्ता ती एकटी काढते. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मी परवा बादली उचलली, त्याने झालं का?" त्याचं उत्तर स्पष्ट द्या. नाही. सासूबाई आत असतील तर त्यांच्या समोर द्या.

आता फॉर्म एफ, म्हणजे गर्भलिंगनिदानाच्या कायद्याखाली दर गरोदर बाईसाठी भरायचा फॉर्म. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा देशात सगळ्यात आधी महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ चा, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. तरी २००१ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या आणि २०११ मध्ये ८९४. ज्या यंत्रावर आपण पोट भरतो त्या यंत्राचा यात हात आहे. म्हणून फॉर्म भरायचा कंटाळा आलेली डॉक्टर मला चालत नाही.

दर गरोदर बाईचा फॉर्म तपासणीआधी भरा: पूर्ण पत्ता, आधीची अपत्यं, पाठवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी, तपासणीचं कारण, तिची सही, नंतर तुमचं निवेदन आणि सही. पत्त्यात नुसतं 'हडपसर' लिहून भागत नाही. कायद्याने नोंदीतली त्रुटी हाच गुन्हा धरला जातो, निर्दोष असल्याचं तुम्हाला सिद्ध करावं लागतं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. आपल्यातले बरेच डॉक्टर यावर चिडतात. कारकुनी चुकीला तुरुंग ही शिक्षा मलाही जड वाटते, पण त्यावरचा उपाय फॉर्म नीट भरणं हाच आहे. महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेच्या आत जातो, कागद दोन वर्षं जपायचे असतात, जागा, मशीन किंवा डॉक्टर बदलणार असेल तर ३० दिवस आधी कळवायचं असतं. एका जिल्ह्यात तुमचं नाव दोनच सेंटरवर लागू शकतं, तेव्हा तिसऱ्या ठिकाणी 'अधूनमधून या' म्हणणाऱ्यांना नाही म्हणा.

नातेवाईक सरळ विचारत नाहीत. "पेढे आणू की बर्फी?" असं विचारतात. "निळी लोकर घेऊन ठेवू का?" म्हणतात. हसून उत्तर टाळलं तर त्या हसण्याचाही अर्थ लावतात. माझं एकच ठरलेलं वाक्य आहे, "मी ते बघत नाही आणि सांगत नाही," आणि ते मी प्रत्येकीला त्याच आवाजात म्हणते. बाळाबद्दल बोलताना 'तो', 'ती' नको. 'बाळ' हा शब्द आपल्या भाषेत नपुंसकलिंगी आहे, त्याचा आधार घ्या: बाळ हलतंय, बाळ छान आहे.

खांदा

सात-आठ वर्षांपूर्वी माझा उजवा खांदा आखडला. दोन वर्षं मला स्वतःची वेणी घालता येत नव्हती. दिवसाला तीस पेशंट, हात लांब ताणून, मान वळवून. तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते.

पेशंटला टेबलाच्या तुमच्याकडच्या कडेला सरकवा. संकोच वाटतो, तरी सरकवा. तुमचा दंड अंगापासून तीस अंशांपेक्षा जास्त उघडता कामा नये. कोपराखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. प्रोब चिमटीत धरू नका, सगळ्या पंज्यात धरा. पेशंट लठ्ठ असेल तर हाताने रेटण्यापेक्षा खुर्ची उंच करून अंगाचा भार द्या. स्क्रीन डोळ्यांसमोर, मान सरळ. दर पाच-सहा पेशंटांनंतर उठा, खिडकीबाहेर लांब बघा. मालक म्हणतील पाच मिनिटं वाया जातात. जाऊ द्या.

रिपोर्ट आणि वही

उजवी-डावी दोनदा वाचा. जुना रिपोर्ट असेल तर त्यातलं माप शेजारी लिहा, गाठ वाढली की तेवढीच आहे हे पाठवणाऱ्याला कळू द्या. तातडीचं काही असेल, म्हणजे नळीतला गर्भ, पोटात रक्त, वृषणाचा पीळ, पायाच्या शिरेत गुठळी, तर फोन करा आणि किती वाजता कोणाशी बोललात ते रिपोर्टावर लिहा.

पेशंट पाठवण्याबद्दल कट, म्हणजे कमिशन, मागणारे डॉक्टर भेटतील. मी पहिल्या वर्षापासून दिला नाही. काही महिने खोली रिकामी असायची. ज्यांना रिपोर्ट हवा होता ते डॉक्टर हळूहळू पाठवायला लागले.

आणि एक वही ठेवा, साधी दोनशे पानी. ज्या निदानाबद्दल मनात किंतु राहिला त्याचा नंबर, तारीख, तुम्ही काय लिहिलंत, आणि समोरचा रकाना रिकामा. शनिवारी दुपारी सेंटर बंद झालं की सर्जनना फोन करा: उघडल्यावर काय निघालं? सुरुवातीला ते वैतागतात, मग तेच आपणहून सांगतात. माझ्या अशा चौदा वह्या भरल्या आहेत. पहिल्या वहीत तेरा वर्षांच्या त्या मुलाचा नंबर आहे. चालू वहीत अकरा रकाने रिकामे आहेत, त्यातल्या तिघांची ऑपरेशनं या आठवड्यात आहेत.